आपोआप उघडणारी दारे

बेगम बाजार म्हटले की हैदराबादकरांच्या डोळ्यांसमोर पितळी भांड्यांच्या चळती, सुक्या मेव्याची पोती, मिरचीमसाल्याचा ठसका आणि हमालांची लगबग उभी राहते. निजामाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर ही पेठ वसली, म्हणून तिला हे नाव पडले. याच पेठेतल्या एका ठोक भांड्यांच्या दुकानात माझे वडील मुनीम आहेत आणि दुकानाच्या माडीवर आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. दुकानात छताला टांगलेला एक जुना मोठा तराजू आहे. मोडीचे पितळ अजून त्यावरच तोलतात. लहानपणापासून मी एक पाहत आले आहे. नवा नोकर घाईघाईने वजने टाकतो आणि काटा डोलतच राहतो. बाबा एकेक वजन सावकाश ठेवतात आणि काटा पाहता पाहता स्थिर होतो. या तराजूचा आणि माझ्या अभ्यासाचा काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

तृतीय वर्षाला आम्हाला नियंत्रणशास्त्र हा विषय असतो. यंत्राने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावे, चूक झाली की ती मोजावी आणि सुधारावी, हा त्या शास्त्राचा गाभा. सत्रांती प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प करायचा होता. कोणी पंख्याचा वेग घेतला, कोणी भट्टीचे तापमान. मी घेतली धरणाची स्वयंचलित दारे. त्याला कारण आमच्या पेठेचा शेजार.

आमच्या घरापासून दक्षिणेला पायी निघाले की अफझलगंज लागते आणि त्यापुढे मुसी नदी. एरवी हिला नदी म्हणावे की नाला, असा प्रश्न पडतो. पण २८ सप्टेंबर १९०८ रोजी हीच मुसी अशी चढली की अफझलगंज, कोळसावाडी या काठच्या वस्त्या होत्याच्या नव्हत्या झाल्या. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, ही हकीकत आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. जुन्या घरांतून त्या पुराला अजून तुगयानी म्हणतात. या पुरानंतर हैदराबादेला जो अभियंता बोलावण्यात आला, त्यानेच त्याआधी पुण्याजवळ खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारे बसवली होती. तो अभियंता म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. प्रकल्पाच्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचू लागले आणि गणितापेक्षा माणूसच जास्त शिकवून गेला. म्हणून हा लेख.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबरचा, कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. हा दिवस आज आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. घराणे मूळचे आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते आडनाव. वडील संस्कृत जाणणारे, पण घरची परिस्थिती बेताची. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील वारले. पुढे मामांच्या आधाराने ते बंगळूरला शिकले आणि शिकवण्या करून खर्च भागवत सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झाले. अभियांत्रिकी शिकण्याची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आजचे सीओईपी विद्यापीठ ते हेच. १८८३ साली ते तेथून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले.

हे वाचताना मला माझी अडचण आठवली. तिची विश्वेश्वरय्यांच्या कष्टांशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही, पण अडचण खरी होती. या विषयाची गणिते ज्या सॉफ्टवेअरवर करतात ते विकतचे, आणि ते फक्त प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर आहे. प्रयोगशाळा पाचला बंद होते आणि एका यंत्रामागे चार विद्यार्थी. घरी दादाचा जुना संगणक आहे, पण त्यावर घालायला परवाना घ्यावा तर बाबांच्या पगारात ते बसणारे नव्हते. बाबा म्हणाले, शेठजींकडून उचल घेतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाच्या शिक्षणासाठी घेतलेली मागची उचल अजून फिटायची होती. सकाळी मी बाबांना सांगितले की एक आठवडा थांबा, फुकटचे काही मिळते का ते पाहते.

फुकट आणि मुक्त अशी सॉफ्टवेअरे आहेत, हे आमच्या सरांनी वर्गात सांगितले होते. आधी मी ऑक्टेव्ह उतरवून घेतले. जॉन ईटन यांनी ते १९९२ साली लिहायला घेतले, आणि ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून त्याला नाव दिले. पुस्तकातली टीएफ ही आज्ञा लिहिली, तर अशी आज्ञा अस्तित्वात नाही असे उत्तर आले. स्टेप लिहिली, तेच उत्तर. दोन दिवस मी असे समजत होते की फुकटच्या वस्तूत नियंत्रणशास्त्र दिलेलेच नाही. तिसऱ्या दिवशी कळले की ते आहे, पण वेगळ्या पेटीत बांधलेले आहे. कंट्रोल नावाचे पॅकेज एकदा बसवावे लागते, आणि नंतर दर वेळी काम सुरू करताना पीकेजी लोड कंट्रोल एवढे लिहून ती पेटी उघडावी लागते. तसे केले आणि सगळ्या आज्ञा ओळखीच्या नावांनी समोर उभ्या राहिल्या.

मग सायलॅब पाहिले. हे फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेत जन्मले. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.तील फॉसी हा प्रकल्प त्याचा प्रसार करतो. देशभरच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून तेथे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. येथे अडचण उलटी होती. नियंत्रणशास्त्राची फंक्शने पहिल्यापासून आत होती, वेगळे काही बसवायचे नव्हते, पण नावे निराळी. ट्रान्सफर फंक्शन बनवायचे तर टीएफ नाही, सिसलिन. पायरीसारखा धक्का देऊन उत्तर पाहायचे तर स्टेप नाही, सीसिम. फीडबॅक जोडायचा तर तिरकी रेघ आणि तिच्यापुढे टिंब, एवढेच चिन्ह. रूट लोकस मी किती शोधला. तो इव्हान्स या नावाखाली निघाला, कारण ही पद्धत वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ साली मांडली. राऊथचा तक्ता राऊथ-टी या नावाने सापडला. बोडे आणि नायक्विस्ट मात्र आपल्याच नावांनी बसलेले होते. नवख्या गावात पत्ता शोधताना घराचा क्रमांक न विचारता मालकाचे नाव विचारावे लागते, तसा हा प्रकार. एकदा हे उमगले आणि मदतीच्या पानांत विषयवार यादी आहे हे दिसले, तेव्हा अर्धे काम झाले.

आता दारांकडे वळू. नाशिक, खानदेश, पुणे असे करत विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात चोवीस वर्षे काढली. खानदेशात पांझरा नदीच्या खोऱ्यात ऐन पावसाळ्यात त्यांनी सायफन बांधला. सिंधमधील सक्करला सिंधू नदीचे गढूळ पाणी स्वच्छ करून शहराला पुरवण्याची योजना केली. पुण्याकडे कालव्याचे पाणी गावोगावच्या शेतांना पाळीपाळीने वाटून देण्याची पद्धत बसवली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना पुण्यातच लाभला. कानडी मुलुखातला हा माणूस मराठी मुलुखात घडला असे म्हटले तर आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांना राग येऊ नये.

खडकवासल्याच्या तलावाला तेव्हा फाइफ तलाव म्हणत. पुण्याला आणि कालव्याला पाणी अपुरे पडू लागले होते. तलावात जास्त पाणी साठवायचे तर धरण उंच करणे हा सरळ उपाय, पण तो खर्चाचा, आणि जुन्या भिंतीवर भार वाढवणारा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दारे उभी केली. दारे बंद असताना पाणी काही फूट अधिक चढते. पण पूर आला आणि दारे उघडायला माणूस वेळेवर पोहोचला नाही, तर धरणच धोक्यात. म्हणून त्यांनी दारे साखळ्यांनी एका जड वजनाला जोडली आणि ते वजन एका हौदात सोडले. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी हौदात शिरते. वजन पाण्यात बुडाल्याने हलके होते, तोल बदलतो आणि दारे उघडतात. पूर ओसरला की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड होते आणि दारे मिटतात. १९०३ साली ही दारे बसली. त्यांनी त्यांचे पेटंटही घेतले. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे आली.

वाचकहो, यात वीज नाही, मोटार नाही, संगणक तर नाहीच. पातळी मोजणारा हौद, निर्णय घेणारे वजन आणि काम करणारे दार. आमच्या पुस्तकातल्या फीडबॅकच्या आकृतीतला प्रत्येक चौकोन येथे लोखंडात आणि पाण्यात बांधलेला आहे. हे वाचत असताना खाली दुकानात बाबा पितळ तोलत होते. मी माडीवरून तो काटा पाहिला आणि मला माझा प्रकल्प समजला.

तलावात पाणी साठत जाते, म्हणजे गणिताच्या भाषेत तो इंटिग्रेटर. हौद भरायला वेळ लागतो, ती एक दिरंगाई. जड दार हलायला वेळ लागतो, ती दुसरी. सोपे आकडे घेऊन मी एस, एस अधिक एक आणि एस अधिक दोन यांचा गुणाकार छेदात मांडला आणि अंशात के. हे आकडे खडकवासल्याचे नव्हेत, तत्त्व समजण्यापुरते घेतलेले आहेत. के म्हणजे दाराचा उतावळेपणा. पाणी एक बोट चढले तर दाराने किती उघडावे, याचे माप.

के ०.३ ठेवला, तर पातळीची रेषा सावकाश चढून ठरल्या जागी न डोलता बसली. के २ केला, तर रेषा वरखाली झुलून मग निवली. के ७ केला, आणि झोके कमी होण्याऐवजी वाढतच गेले. दार उघडते, पाणी फार उतरते, दार मिटते, पाणी फार चढते. राऊथ-टी या फंक्शनने सीमा दाखवली. के ६ पेक्षा कमी हवा. मी तोच तक्ता वहीत हाताने मांडला. तेथेही ६ आला. संगणकाने आणि हाताने एकच उत्तर दिले तेव्हा जो आनंद झाला, तो विकतच्या सॉफ्टवेअरने जास्त झाला असता असे वाटत नाही. घाईघाईने वजने टाकणारा तो नोकर म्हणजे के ७, आणि बाबा म्हणजे के ०.३. हे मी बाबांना सांगितले. त्यांना एवढेच कळले की उचल घ्यावी लागणार नाही, आणि ते हसले.

विश्वेश्वरय्या १९०८ साली मुंबई सरकारच्या नोकरीतून स्वेच्छेने बाहेर पडले आणि परदेशाच्या प्रवासाला गेले. तेथेच त्यांना निजाम सरकारचे बोलावणे पोहोचले. १९०९ साली ते हैदराबादला आले. शहर उद्ध्वस्त होते. त्यांनी आधी मोजमाप केले. पाऊस कोठे किती पडला, नदीत पाणी किती आले, वरच्या भागातल्या शेकडो लहानमोठ्या तळ्यांपैकी किती फुटली आणि त्यांचे पाणी एकावर एक कसे कोसळले, याचा हिशेब मांडला. मग उपाय सुचवला. नदीला शहरात भिंती घालून भागणार नाही. पुराला शहराच्या वरच अडवावे, धरणात ठेवून घ्यावे आणि नदीला झेपेल तेवढेच पाणी खाली सोडावे. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. शहराला पिण्याचे पाणी मिळाले तेही त्यातूनच. पुढे गटारांच्या योजनेसाठीही त्यांचा सल्ला हैदराबादने घेतला.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. १९११ साली कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१३ साली म्हैसूरची बँक, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ, आणि पुढे भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना यांच्यामागे त्यांचा हात होता. १९५५ साली भारतरत्न मिळाले. १९६० साली जन्मशताब्दी साजरी झाली तेव्हा ते स्वतः हयात होते. १९६२ साली त्यांचे निधन झाले.

चरित्र येथे संपवता आले असते. पण मध्ये एक तारीख आहे, ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खाली असलेले खडकवासल्याचे धरणही फुटले. अर्धे पुणे पाण्याखाली गेले. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. त्यांची दारे ज्या पुरासाठी केली होती, तो हा पूर नव्हता. वरचे सबंध धरण रिकामे होऊन अंगावर येईल, हे कोणत्याच हौदाला आणि वजनाला सांगितलेले नव्हते.

माझ्या गणितातही हीच उणीव होती, हे मला तेव्हा दिसले. कागदावरचे दार हवे तेवढे उघडत राहते. खरे दार पूर्ण उघडले की त्यापुढे उघडत नाही. सायलॅबमध्ये एक्सकॉस नावाचा भाग आहे, त्यात आकृती जोडून गणित करता येते. तेथे मर्यादा घालणारा चौकोन दाराच्या पुढे बसवला आणि येणारे पाणी दाराच्या ताकदीपेक्षा जास्त केले. के ०.३ असूनही, राऊथच्या कसोटीला उतरलेली असूनही, पातळीची रेषा सरळ वर चढत गेली आणि परत आली नाही. ती रेषा मी बराच वेळ पाहत बसले. स्थिर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे नव्हे. प्रकल्पाच्या अहवालात शेवटचे पान मी याच आकृतीला दिले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न त्या पानावरच विचारला, आणि उत्तर देताना मला पाठांतराची गरज पडली नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी झाली आणि हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा आमच्या गल्लीतले लोक पुलावर जाऊन मुसीचे पाणी पाहत उभे होते. मी लहान होते, बाबांचा हात धरून उभी होते. दरवाजा उशिरा उघडला तर धरणाला धोका, एकदम उघडला तर खालच्या वस्तीला. त्या रात्री कोठेतरी कोणीतरी के ठरवत होते, हे आज कळते.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगायचे आहे. पैसे नाहीत म्हणून हा विषय सोडू नका. साधने आहेत. ऑक्टेव्हमध्ये पेटी उघडा, सायलॅबमध्ये नावे शिकून घ्या. आलेले उत्तर एकदा तरी वहीत हाताने पडताळून पाहा. आणि गणित बरोबर आले की थांबू नका, दार किती उघडते हेही विचारा. विश्वेश्वरय्यांनी हैदराबादला आल्यावर आधी पाऊस मोजला होता, दरवाजाचा विचार त्यानंतर केला.